तिसरं लेटर कोण देणार? गणितातल्या पोस्टडॉक-शोधाचं एक प्रकरण

प्रकरण एका मुलीचं आहे, मूळची सांगलीची, बीएस्सी तिथेच, एमएस्सी पुण्यात आणि मग अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीत गणितात पीएचडी. लिहायला तिची परवानगी आहे पण नाव नको म्हणाली, म्हणून नाव नाही. विषय अल्जिब्राइक कॉम्बिनेटोरिक्स. मे २०२५ ला डिग्री होणार होती म्हणजे पोस्टडॉकला (पीएचडीनंतरची थोड्या वर्षांची संशोधनाची जागा) अर्ज करायचा सीझन २०२४ चा सप्टेंबर ते डिसेंबर. मी अमेरिकेतच गणित शिकवते आणि पोस्टडॉक निवडायच्या कमिटीवर बसलेली आहे, त्यामुळे तिचा फोन आला, २०२३ च्या ऑगस्टमध्ये, की ताई तयारी कधी सुरू करू, सीव्ही पाठवू का बघायला? मी म्हटलं सीव्ही राहू दे गं, लेटर, म्हणजे शिफारसपत्र, कोण कोण देणार ते सांग आधी.

तर ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत गणितातल्या बहुतेक जागांचे अर्ज मॅथजॉब्स नावाच्या एकाच साइटवरून जातात, ती अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटी चालवते, अर्ज करणाऱ्याला पैसे पडत नाहीत. कव्हर लेटर, सीव्ही, रिसर्च स्टेटमेंट, टीचिंग स्टेटमेंट एकदा चढवायचं आणि जागा निवडत जायचं. आणि लेटर्स, साधारण तीन रिसर्चची आणि एक शिकवण्याबद्दलचं, ती देणारा माणूस स्वतः परस्पर चढवतो, आपल्याला दिसतही नाहीत. पोस्टडॉकच्या डेडलाइन्स मुख्यतः नोव्हेंबर मध्य ते डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत असतात.

आता कमिटीवर बसल्यावर काय होतं ते सांगते. एका जागेला अर्ज येतात शेकड्यांनी. सगळ्यांची रिसर्च स्टेटमेंटं कोणी शेवटपर्यंत वाचत नाही, शक्यच नाही, विषय आपला नसेल तर दुसऱ्या पानावरच डोकं बंद पडतं. वाचली जातात लेटर्स. ओळखीच्या माणसाचं लेटर दिसलं की ते आधी उघडलं जातं, आणि त्यात शोधतात ते एकच, की या माणसाने हिचं काम खरंच वाचलंय का आणि आधीच्या कोणाशी तुलना केलीय का. गणितात लेटरमध्ये सर्रास लिहितात की ही अमक्या वर्षी पास झालेल्या तमक्याच्या तोडीची आहे. ऐकायला क्रूर वाटतं पण त्या एका वाक्यावर अर्ज वरच्या गठ्ठ्यात जातो.

हिच्याकडे गाईडचं लेटर होतं, ते चांगलंच असणार. दुसरं तिच्या थीसिस कमिटीवरच्या बाईंचं, त्या रिप्रेझेंटेशन थिअरीवाल्या, हिचा पहिला पेपर त्यांनी ओळ न् ओळ वाचला होता. शिकवण्याचं लेटर कॅल्क्युलसच्या कोऑर्डिनेटरकडून मिळालं असतं. आणि तिसरं? म्हणाली, ॲनालिसिसचे एक सर आहेत ना, त्यांच्या दोन कोर्सला मला ए होता, ते देतील. मी म्हटलं देतील गं, पण काय लिहितील? मुलगी हुशार आहे, कष्टाळू आहे, वर्गात पुढे बसायची. असलं लेटर नुसतं निरुपयोगी नसतं, त्याने नुकसान होतं, कारण वाचणारा लगेच म्हणतो की पाच वर्षांत डिपार्टमेंटबाहेर एकही माणूस हिला ओळखत नाही का?

आणि हा प्रश्न योग्यच आहे. गाईडने कौतुक करणं म्हणजे आईने स्थळाला मुलीचं कौतुक सांगणं, त्यात कोणाला नवल नाही. ज्याचा काही संबंध नाही तो जेव्हा लिहितो की मी हे काम वाचलं आणि मला पुढे वापरायचंय, तेव्हा ते मोजलं जातं. ही गोष्ट सप्टेंबर उजाडल्यावर जमवता येत नाही. बाकी सगळं, स्टेटमेंट, सीव्ही, वेबसाइट, नेट लावून महिनाभरात होतं. बाहेरचा माणूस आपलं काम ओळखायला लागायला वर्ष लागतं. माझ्या मते अख्ख्या तयारीत खरी तयारी ही एवढीच, आणि तिने वर्षभर आधी फोन केला म्हणून हे प्रकरण लिहिण्यासारखं झालं.

तेव्हा तिचा एक पेपर आर्काइव्हवर (छापून येण्याआधी पेपर सगळ्यांसाठी ठेवायची साइट) होता आणि दुसरा अर्धवट. तिच्या विषयाची वर्षातली मोठी जत्रा म्हणजे एफपीसॅक (लांबलचक नावाचं हे लघुरूप, फॉर्मल पॉवर सीरीज अँड अल्जिब्राइक कॉम्बिनेटोरिक्स), २०२४ ची जुलैमध्ये जर्मनीत बोखुमला होती. तिथे आधीच्या नोव्हेंबरात बारा पानांचा एक्स्टेंडेड ॲबस्ट्रॅक्ट द्यावा लागतो, तो रेफ्रींकडून तपासला जातो, थोड्यांना टॉक मिळतो आणि बहुतेकांना पोस्टर. गाईडचं म्हणणं पेपर पूर्ण होऊ दे, मग पाठव. तिने मला विचारलं. मी म्हटलं गाईडशी भांडू नकोस, पण एवढं सांग की २०२४ ची सोडून २०२५ च्या एफपीसॅकला गेलीस तर तोवर अर्ज होऊन गेलेले असतील. हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. म्हाताऱ्या प्रोफेसरांना आपण कुठल्या महिन्यात अर्ज केले होते ते आठवत नाही, त्यांचा दोष नाही, तीस वर्षं झाली. ॲबस्ट्रॅक्ट गेला, पोस्टर मिळालं. मध्ये एप्रिलमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या एका सेक्शनल (विभागीय) मीटिंगमध्ये वीस मिनिटांचा टॉक दिला, तो तसा सरळ पार पडला, कोणी काही विचारलं नाही.

बोखुमला जायचं तर भारतीय पासपोर्टला शेंगेन व्हिसा, त्याची अपॉइंटमेंट मिळेना, ती रड वेगळीच, सोडून देते.

पोस्टरजवळ काय झालं ते मात्र नीट सांगते. तिचा निकाल दोन ओळींच्या पार्टिशन्सबद्दल होता (पार्टिशन म्हणजे एखाद्या संख्येची बेरजेत फोड, जितके भाग तितक्या ओळी) आणि पोस्टरच्या खाली कोपऱ्यात तिने लिहिलं होतं की तीन ओळींनाही असंच असावं असा अंदाज आहे. एक गृहस्थ आले, युरोपातले, या विषयात नाव असलेले, बराच वेळ काही न बोलता वाचत राहिले आणि म्हणाले हे तीनला खरं आहे असं तुला का वाटतं? बहुतेक मुलं इथे गडबडतात, नाहीतर हात हलवत काहीतरी सांगतात. हिने लॅपटॉप उघडला, सेज नावाच्या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोग्रॅम तयारच होता, म्हणाली मी एवढ्या साइजपर्यंत तपासलंय, पुढचं चालवू या का. दोघं तिथेच उभ्याने आकडे बघत राहिले. कॉफीब्रेक संपायच्या आत एक उदाहरण असं सापडलं की अंदाज मोडला! ती म्हणते माझ्या पोटात गोळा आला. पण ते गृहस्थ खूश झाले, कारण कुठे मोडतं ते कळलं की कुठे टिकतं ते शोधता येतं. घरी आल्यावर पंधरवड्यात तिने दुरुस्त अंदाज आणि त्याची एक केस सिद्ध करून त्यांना मेल केली. त्यांचं उत्तर आलं, मग आणखी एक शंका, मग हिचं उत्तर. असं ऑगस्टपर्यंत चाललं.

तिथे तिने मला विचारलं की आता लेटर मागू का, की लाज वाटेल असं होईल. मी म्हटलं ऑगस्टअखेरीस माग, ऑक्टोबरात नको, मोठ्या माणसांकडे ऑक्टोबरात वीस विनंत्या पडतात. आणि मागताना नकाराला जागा ठेव. तिने लिहिलं की मी या वर्षी अर्ज करतेय, प्लेथिझमवरच्या (हाच तिचा प्रश्न, तो काय ते पुढे सांगते) कामाबद्दल तुम्हाला लिहावंसं वाटत असेल तर आनंद होईल, वेळ नसेल तर तसंही चालेल, आपलं बोलणं चालू राहीलच. दोन दिवसांत हो आलं, फक्त अट की पेपरचा ड्राफ्ट आणि रिसर्च स्टेटमेंट तीन आठवडे आधी हवं. ही अट फार बरी झाली, नाहीतर स्टेटमेंट नोव्हेंबरपर्यंत लटकलं असतं.

स्टेटमेंटचा पहिला खर्डा सगळ्यांचा असतो तसाच होता. लॅम्डा हे पार्टिशन असू द्या, एस-लॅम्डा हे शूर फंक्शन असू द्या, पहिल्या पानावर सात व्याख्या आणि एकही प्रश्न नाही. मी तिला म्हटलं तुझ्या डिपार्टमेंटमधल्या डिफरन्शियल इक्वेशनवाल्याला हे पहिलं पान वाचायला दे आणि तो कुठे थांबतो बघ, कारण कमिटीवर तोच असणार आहे. तो तिसऱ्या ओळीवर थांबला. मग तिने जे केलं ते मला इतकं आवडलं की इथे सांगतेच, आणि यातलं अर्ध आपल्याकडच्या दहावीच्या पुस्तकातलं आहे.

वर्गसमीकरणातली राशी घ्या, पण दोन चलांत लिहिलेली, ax² + bxy + cy², सहगुणक ए, बी, सी. आता या तीन अक्षरांपासून दोन घाताची पदं किती बनतात? ए स्क्वेअर, बी स्क्वेअर, सी स्क्वेअर, एबी, बीसी, सीए, एकूण सहा. मूळ राशीत चलांची रेषीय अदलाबदल केली की ए, बी, सी बदलतात आणि ही सहा पदं आपसात मिसळतात, पण कशीही मिसळत नाहीत, त्या सहा मितींचे दोन तुकडे पडतात, एक पाचचा आणि एक एकाचा. तो एकाचा तुकडा म्हणजे कोण तर बी स्क्वेअर मायनस फोर एसी, आपला विवेचक! डिटर्मिनंट १ असलेल्या अदलाबदलीत तो अजिबात हलत नाही. आता दोनाच्या जागी कुठलाही घात घ्या, दोनच चलांऐवजी कितीही घ्या, आणि विचारा की तुकडे कोणते आणि प्रत्येक किती वेळा येतो. हा झाला प्लेथिझमचा प्रश्न. तुकडे कॉम्प्युटरवर मोजता येतात, पण सरसकट सगळ्यांना लागू पडेल असा मोजणीचा कॉम्बिनेटोरियल नियम आजही कोणाकडे नाही. फोक्स या गणितज्ञाचं याच्याशी संबंधित कंजेक्चर (सिद्ध न झालेला अंदाज) १९५० चं आहे आणि ते अजून पूर्णपणे सुटलेलं नाही, आणि या विषयातले मोठे गणितज्ञ रिचर्ड स्टॅनली यांनी २००० साली पॉझिटिव्हिटीच्या (एखादी संख्या ऋण नसते हे काहीतरी मोजून दाखवायच्या) मोठ्या अनुत्तरित प्रश्नांची यादी केली तिच्यात प्लेथिझम आहे.

एवढं पहिल्या अर्ध्या पानात आलं, आणि मग तिचा निकाल. डिफरन्शियल इक्वेशनवाला शेवटपर्यंत वाचून गेला आणि त्याला एक शंकाही सुचली. व्याख्या गेल्या तिसऱ्या पानावर, जिथे त्या तज्ज्ञालाच लागतात. शेवटी पुढच्या तीन वर्षांचं काम लिहिताना तिने बोखुमला मोडलेला अंदाज लपवला नाही, उलट तिथूनच पुढचा प्रश्न काढला.

टीचिंग स्टेटमेंटला मी फारसा वेळ घालवू दिला नाही, एकच सांगितलं की मला शिकवायला खूप आवडतं हे वाक्य काढ. तिने २०२४ च्या स्प्रिंगमध्ये कॅल्क्युलस २ स्वतंत्रपणे शिकवलं होतं, त्यातला एक तास लिहिला, पदं शून्याकडे जातात म्हणजे सीरीज कन्व्हर्ज होते असं अख्ख्या वर्गाने ठामपणे सांगितलं तो, आणि मग हार्मोनिक सीरीजवर (१ + १/२ + १/३ + …, पदं शून्याकडे जातात तरी बेरीज वाढतच राहते) काय झालं ते. कोऑर्डिनेटर त्याच तासाला मागे बसलेले होते, म्हणून त्यांच्या लेटरमध्येही तो तास आला. डायव्हर्सिटी स्टेटमेंट (वेगवेगळ्या स्तरांतल्या विद्यार्थ्यांसाठी काय केलं ते) काही ठिकाणी लागत होतं, काहींनी त्याच वर्षी बंद केलं होतं (एमआयटीने मे २०२४ मध्ये केलं), एक पान लिहून ठेवलं आणि विषय संपवला.

मग यादी. सुरुवातीला शंभराच्या आसपास जागा निवडून बसली होती, कारण सगळे तेवढ्या करतात. आम्ही एक चाळणी लावली, प्रत्येक रिसर्च पोस्टडॉकपुढे त्या डिपार्टमेंटमधल्या निदान एका माणसाचं नाव लिहायचं ज्याला ही तिथे हवीशी वाटेल, नाव सुचलं नाही तर जागा खोडायची. पोस्टडॉक कमिटी निवडते खरं, पण आत कोणीतरी हिला घ्या म्हणणारा लागतो, तो नसेल तर अर्ज कितीही चांगला असो, मधल्या गठ्ठ्यात पडून राहतो. यादी निम्म्यावर आली. त्या निम्म्यांच्या कव्हर लेटरमध्ये ते नाव आणि कुठला पेपर हे दोन ओळींत आलं. एनएसएफची (अमेरिकन सरकारची संशोधनाला पैसे देणारी संस्था) पोस्टडॉक फेलोशिप नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांनाच असते, तेव्हा तो रस्ता आपल्या मुलांना मुळातच बंद. शेजारच्या टेबलावरच्या अमेरिकन मुलाला तो आहे आणि आपल्याला नाही हे पहिल्या वर्षीच माहीत असलेलं बरं, पाचव्या वर्षी कळलं की चिडचिड होते.

व्हिसाचं कोष्टक तिने स्वतः बनवलं होतं आणि ते माझ्यापेक्षा बरं होतं. एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, डिग्रीनंतर बारा महिन्यांचं ओपीटी (नोकरी करायची परवानगी), गणित स्टेममध्ये मोडतं म्हणून वर चोवीस महिने, पण त्यासाठी एम्प्लॉयर ई-व्हेरिफाय या सरकारी पडताळणी यंत्रणेत हवा. ओपीटीचा अर्ज कोर्स संपायच्या जास्तीत जास्त नव्वद दिवस आधी करता येतो. युनिव्हर्सिटीच्या नोकरीला एच-१बी (नोकरीचा व्हिसा) लॉटरीशिवाय मिळतो. जे-१ ला (एक्स्चेंज व्हिसा) ती आधी घाबरत होती, दोन वर्षं भारतात परत राहायची अट लागेल म्हणून, तर नेमकी ९ डिसेंबर २०२४ ला अमेरिकेने ही अट कोणत्या देशांना लागते ते ठरवणारी स्किल्स लिस्ट बदलली आणि भारताचं नाव त्यातून निघालं. सरकारी पैशावर आलात तर अट लागू शकते, पण बऱ्याच जणांच्या मानेवरचं जोखड गेलं.

जानेवारीत सिॲटलला गणितवाल्यांची वार्षिक जॉइंट मीटिंग झाली, तिथे दोघा-तिघांना भेटली, मग झूमवर इंटरव्ह्यू. आणि जानेवारीच्या मध्यात एक ऑफर आली, एका कॉलेजात एक वर्षाची व्हिजिटिंग जागा, दर सेमिस्टरला तीन कोर्स, उत्तर आठवड्यात द्या. इथे एक समजून घ्या. पोस्टडॉकसाठी बऱ्याच युनिव्हर्सिट्यांनी आपसात ठरवलेलं आहे की फेब्रुवारीच्या सुरुवातीच्या एका ठरलेल्या सोमवारच्या आधी उमेदवाराला उत्तर द्यायला भाग पाडायचं नाही. सोसायटी त्या डिपार्टमेंटांची यादी लावते. पण ते कॉलेज त्या यादीत नव्हतं आणि टीचिंगच्या जागांना ते बंधन नसतंच. मुदत मागितली, थोडी मिळाली, पुरेशी नाही.

रात्री फोन आला, ताई हातातलं सोडू का? घरून बाबा म्हणत होते आधी ही घे मग बघू. मी तिला दोन्ही बाजू सांगितल्या. एक वर्षाची, तीन कोर्सची जागा म्हणजे ऑगस्टला रुजू व्हायचं आणि ऑक्टोबरात परत अर्ज, मधल्या काळात नवीन एक ओळही लिहून होणार नाही. दुसरीकडे, नाही म्हटलं आणि काहीच आलं नाही तर ओपीटीवर नोकरीशिवाय नव्वद दिवसांच्या वर राहता येत नाही. तिने गाईडला विचारलं की काही नाही आलं तर डिपार्टमेंटमध्ये एक वर्ष लेक्चररशिप मिळेल का, त्यांनी चेअरमनशी बोलून तसं मेलवर कळवलं, आणि मगच हिने नकार दिला. मला विचाराल तर हा सगळ्यात शहाणपणाचा निर्णय होता, नकार नव्हे, नकाराआधीची ती मेल.

फेब्रुवारीचा सोमवार आला आणि गेला. एका ठिकाणी वेटिंग लिस्टवर दुसरी, माणूस आतून सांगत होता की पहिला बहुतेक नाही म्हणेल. आणि ७ फेब्रुवारी २०२५ ला एनआयएचने (वैद्यकीय संशोधनाला पैसे देणारी सरकारी संस्था) ग्रँटवरचा इनडायरेक्ट खर्च, म्हणजे इमारत, वीज, ऑफिस यांसाठी वर मिळणारा पैसा, पंधरा टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं. गणिताला एनआयएचशी काय देणंघेणं असं वाटेल, पण तो वरचा पैसा युनिव्हर्सिटीच्या सगळ्या खर्चात मिसळलेला असतो, मेडिकल स्कूलला खोकला झाला की डीन सगळ्यांचीच भरती थांबवतो. कोर्टाने ते अडवलं तरी युनिव्हर्सिट्या हबकल्या होत्या, त्याच महिन्यात स्टॅनफर्डने आणि मार्चमध्ये हार्वर्डने भरती गोठवली, बाकीच्याही एकामागून एक. हिच्या वेटिंग लिस्टवाल्या डिपार्टमेंटची तीन ओळींची मेल आली की जागाच रद्द झालीय. पहिला हो म्हणाला की नाही, कधी कळलंच नाही.

मग बोखुमच्या त्या गृहस्थांना तिने कळवलं, काही मागितलं नाही, नुसतं असं असं झालं म्हणून. त्यांनी जर्मनीतल्याच दुसऱ्या एका ग्रुपची जाहिरात पाठवली, त्यांना स्वतःकडे जागा नव्हती. जर्मनीत या जागा बहुतेक प्रोफेसरच्या प्रोजेक्टवर असतात, वर्षभरात कधीही निघतात आणि ईमेल लिस्टवर फिरतात, मॅथजॉब्सवर दिसतीलच असं नाही. अर्ज म्हणजे एक पीडीएफ. सगळं तयार होतं, लेटर्सही लिहिलेली होती, तिन्ही जणांनी नुसता पत्ता बदलून पाठवली. झूमवर टॉक झाला, तिने सुरुवात विवेचकापासूनच केली, आणि मार्चअखेर ऑफर, दोन वर्षं, ई-१३ ग्रेड (तिकडची सरकारी पगारश्रेणी), शिकवणं थोडं. ओपीटीचा अर्ज भरून झाला होता, फी पाण्यात गेली. एप्रिलमध्ये थीसिसचा डिफेन्स (शेवटची तोंडी परीक्षा), ऑक्टोबरात तिकडे रुजू.

दोन वर्षं म्हणजे पुढचा अर्ज २०२६ च्या शरदात, आणि तोवर चित्र बदललंय. १९ सप्टेंबर २०२५ च्या घोषणेनं देशाबाहेरच्या माणसासाठी नवीन एच-१बी अर्जावर एक लाख डॉलर लावले, तेव्हा जर्मनीत बसून अमेरिकेत टेन्युअर-ट्रॅकसाठी (पुढे कायम होऊ शकणारी प्रोफेसरची जागा) अर्ज करायचा तर कुठलं डिपार्टमेंट तेवढे भरणार. पोस्टडॉकला जे-१ चालतो, पण दुसरा पोस्टडॉक करायचा की नाही हाच तिचा प्रश्न आहे. म्हणून भारताची फाईल उघडलीय. चेन्नईच्या आयएमएससीत (इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिकल सायन्सेस) तिच्या विषयाचा चांगला ग्रुप आहे, पुण्याच्या आयसर या केंद्राच्या विज्ञान संस्थेत रिप्रेझेंटेशन थिअरीवाले आहेत, डिसेंबरात सांगलीला जाताना दोन्हीकडे सेमिनार द्यायचं तिने ठरवलंय, कारण आपल्याकडेही टॉक ऐकलेल्या माणसाचा अर्ज वेगळ्या नजरेने बघतात. इन्स्पायर फॅकल्टी या केंद्र सरकारच्या फेलोशिपला वयाची अट असते, त्यात ती अजून बसते. आणि आयसर-आयआयटीत असिस्टंट प्रोफेसर ग्रेड १ ला पीएचडीनंतर तीन वर्षांचा अनुभव मागतात, जर्मनीची दोनच भरतात, म्हणजे लगेच अर्ज केला तर ग्रेड २, तेही कॉन्ट्रॅक्टवर. घ्यायचं की एक वर्ष थांबायचं यावर आमचं अजून एकमत नाही, मी म्हणते घे, ती म्हणते बघू.